वाचक विचारतात : रिपोर्टवरचं ‘आयजीई’, इशिझाका पती-पत्नी आणि सायटेशनचा हिशेब

गेल्या अंकातल्या दम्यावरच्या लेखात ‘१९६६ साली इशिझाका पती-पत्नींनी आयजीई शोधलं’ असं एक वाक्य होतं. (आयजीई हे रक्तातलं, ॲलर्जीशी संबंध असलेलं एक प्रतिपिंड, म्हणजे शरीराचं संरक्षक प्रथिन.) त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. कुणाचा पेपर पुढे कुणी वापरला (यालाच सायटेशन म्हणतात) हे शोधून देणं हा त्या नोकरीतला माझा सगळ्यात आवडता भाग. तेव्हा आजाराबद्दल लागेल तेवढंच लिहीन, मोजदादीबद्दल मात्र मनापासून.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी ‘टोटल आयजीई’ करायला सांगितली, ती ६४० आली. हे आयजीई ज्यांनी शोधलं ते इशिझाका किती मोठे शास्त्रज्ञ होते? त्यांचं काम किती जणांनी वापरलं हे कळायला काही मार्ग असतो का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी रिपोर्टबद्दल. ६४० हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. ॲलर्जीनं तो वाढतो, पोटात जंत असले तरी वाढतो, आणि दमा असूनही आयजीई बेताचंच असणारी माणसं असतात. त्याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनी मुलाला तपासूनच लावायचा. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते त्या आकड्यापुढच्या एककाकडे. तिथे ‘आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली’ असं छापलेलं असेल. एक आययू म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलाच्या एक मिली सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात) साधारण दीड हजार नॅनोग्रॅम आयजीई आहे. त्याच एका मिलीत आयजीजी हे आपलं नेहमीचं प्रतिपिंड सुमारे १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक कोटी नॅनोग्रॅम. वाढलेलं असूनसुद्धा तुमच्या मुलाचं आयजीई हे आयजीजीच्या साडेसहा हजारांत एक भाग आहे. ॲलर्जी नसलेल्या माणसात ते याहूनही कितीतरी कमी. १९६६पर्यंत ते कुणाच्या हाती का लागलं नव्हतं, हे एवढ्यावरूनच कळावं.

रक्तात काहीतरी आहे, एवढं मात्र आधीपासून ठाऊक होतं. १९२१ साली ब्रेस्लाउमध्ये (आता ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ) प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. क्युस्टनरना शिजवलेले मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्यांचं सीरम प्राउस्निट्झनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांध उठली. म्हणजे ॲलर्जी सीरमबरोबर एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली. त्या अज्ञात पदार्थाला पुढे ‘रिएजिन’ म्हणायला लागले आणि पुढची चाळीसेक वर्षं त्याची खात्रीची चाचणी हीच राहिली, माणसाची कातडी.

किमिशिगे आणि तेरुको इशिझाका, दोघंही टोकियोत शिकलेले डॉक्टर. १९६२मध्ये ते अमेरिकेत डेन्व्हरला, मुलांच्या दम्यासाठी असलेल्या रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांनी काय केलं ते जरा जवळून पाहू, कारण सायटेशनच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. रॅगवीड नावाचं तिकडे एक तण आहे, आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं. त्याच्या परागकणांनी असंख्य लोकांना शिंका येतात, दमा उठतो. अशा रुग्णांचं सीरम घ्यायचं, ते उभ्या काचनळ्यांत भरलेल्या पदार्थातून हळूहळू उतरू द्यायचं, खाली वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत गोळा करायचं आणि कुठल्या नळीत रिएजिन उतरलंय ते कातडीवर टोचून बघायचं. रिएजिन म्हणजे आयजीए हे आधीच माहीत असलेलं प्रतिपिंडच, असा त्या काळी बऱ्याच जणांचा कयास होता. इशिझाकांनी आयजीए काढून टाकलं तरी गांध उठतच राहिली. मग रिएजिन जास्त असलेला अंश सशांना टोचून त्याविरुद्धचं अँटिसीरम तयार केलं, आणि त्यातून तोवर माहीत असलेल्या प्रतिपिंडांना धरणारा सगळा भाग शोषून काढला. उरला तो फक्त अनोळखी प्रथिनाला धरणारा भाग. तो रुग्णाच्या सीरममध्ये मिसळला की रिएजिनचा प्रभाव जायचा. आणि तोच भाग त्यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला तेव्हा रॅगवीड नसतानाही लाली आली, गांध उठली. ज्याला इतकी वर्षं नुसतं नाव होतं ते प्रथिन खरोखर आहे, आणि कातडीतल्या पेशींवर ते आधीच बसलेलं असतं, हे तिथे सिद्ध झालं.

त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथे बेनिख आणि योहान्सन यांना मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन भरपूर सापडलं. त्यांनी ते १९६७मध्ये प्रसिद्ध केलं. नमुने ताडून पाहिल्यावर दोन्ही एकच निघालं, आणि फेब्रुवारी १९६८मध्ये लोझानला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला आयजीई हे नाव मिळालं. स्वीडनच्या गटाकडे प्रथिनाचा साठा असल्यामुळे ते मोजण्याची चाचणी तिकडे पटकन तयार झाली. तेव्हा ताई, तुमच्या मुलाच्या हातातून काढलेल्या रक्ताच्या चाचणीचं मूळ उप्सालात आहे आणि ती कशासाठी करायची याचं मूळ डेन्व्हरमध्ये.

आता तुमचा खरा प्रश्न. एका पेपरनं दुसऱ्या पेपरचा संदर्भयादीत उल्लेख केला की त्याला सायटेशन म्हणतात, आणि ती मोजता येतात. कशी, ते पुढच्या उत्तरात सांगते. पण इशिझाकांच्या बाबतीत एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. तुमच्या रिपोर्टवर आयजीई छापलेलं आहे, खाली इशिझाकांचं नाव नाही. आज दम्यावर जे पेपर निघतात त्यांतल्या हजारोंमध्ये आयजीई हा शब्द असतो आणि बहुतेकांच्या संदर्भयादीत १९६६चा पेपर नसतो. कुणी मुद्दाम टाळलेला नसतो. ती गोष्ट आता सगळ्यांची झाली, पाठ्यपुस्तकात गेली, ‘हे कुणी सांगितलं’ असं विचारायची गरजच उरली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी नीट मांडून ठेवलंय : शोध जितका खोलवर मुरतो तितकी शोधणाऱ्याची नोंद पुसली जाते. २००३मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ओमालिझुमॅब हे दम्याचं इंजेक्शन आयजीईलाच धरून निकामी करतं, आणि त्याचा डोस रुग्णाचं वजन आणि त्याचं आयजीई पाहून ठरवतात. त्या प्रत्येक डोसमागे डेन्व्हरचं काम आहे. त्याचं सायटेशन कुठल्याच यादीत पडत नाही.

म्हणून माझं उत्तर असं, की ते फार मोठे शास्त्रज्ञ होते, आणि किती मोठे हे सायटेशनचा आकडा कमीच दाखवेल.

प्रश्न : मी उत्सुकतेपोटी इशिझाकांच्या पेपरची सायटेशन्स शोधली. गूगल स्कॉलरवर एक आकडा, मुलीच्या कॉलेजातल्या स्कोपसवर दुसराच. खरा कोणता?
— निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

उत्तर : दोन्ही खरे, कारण दोघं वेगवेगळी पुस्तकं उघडून मोजतात. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं, संस्थेच्या संकेतस्थळावर टाकलेला मसुदा, सगळ्यातून मोजतं. कधी एकच पेपर दोनदा येतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या वर्गणी भरून वापरायच्या संदर्भसूची निवडक नियतकालिकांतूनच मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा लहान असतो. पण इशिझाकांसाठी आणखी एक अडचण आहे आणि ती कुणी सांगत नाही. स्कोपस सुरू झालं २००४मध्ये. सुरुवातीला त्यात १९९६नंतरच्याच पेपरांच्या संदर्भयाद्या होत्या, नंतर मागे जात जात १९७०पर्यंत भरल्या. पेपर १९६६चा. १९६७, ६८, ६९ या वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो वाचून धडाधड वापरला, ती सायटेशन्स तिथे जवळजवळ नाहीतच. जुन्या शास्त्रज्ञाचा स्कोपसवरचा आकडा पाहून कुणी ‘बेताचंच काम दिसतंय’ म्हणालं तर मला खरोखर वाईट वाटतं.

हे मोजायला सुरुवात केली युजीन गारफिल्ड यांनी. १९५५मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये कल्पना मांडली आणि साठच्या दशकात फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ छापायला लागले. त्यांचा हेतू शास्त्रज्ञांना गुण देण्याचा नव्हता. एखाद्या पेपरवर नंतर कुणी टीका केली, चूक दाखवली, तर तो पेपर वापरणाऱ्याला ते कळावं, हा त्यांचा मूळ उद्देश होता. आमच्या ग्रंथालयात ते छापील खंड होते. कागद पातळ, टाइप इतका बारीक की भिंगाशिवाय काम होत नसे. ‘इशिझाका के’ या नावाखाली एकेक ओळ : ६६, जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी, खंड ९७, पान ७५. आणि त्या ओळीखाली, थोडं आत सरकवून, त्या वर्षी तो पेपर ज्यांनी वापरला त्यांची नावं, नियतकालिक, खंड, पान. कुणी का वापरला, मान्य करून की विरोध करून, यातलं काही तिथे नसे. ते पाहायचं तर नियतकालिकाचा बांधीव खंड काढून ते पान उघडायला लागायचं. आजच्या पडद्यावरच्या आकड्यामागेही तीच ओळ आहे आणि तेच काम शिल्लक आहे.

प्रश्न : बाई, मी मुंबईत इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करते. गाइड निवडताना सगळे एच-इंडेक्स बघायला सांगतात, आणि पेपर कुठे पाठवायचा तर इम्पॅक्ट फॅक्टर बघ म्हणतात. दम्याच्या क्षेत्रात हे किती खरं मानायचं?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : एच-इंडेक्स म्हणजे काय ते तुला माहीत असणार, इतरांसाठी सांगते. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५मध्ये हे माप सुचवलं. ज्याचे २० पेपर प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झाले त्याचा एच २०. त्यानं एकविसावा पेपर लिहिला आणि तो कुणीच वापरला नाही तर एच तसाच राहतो. उलट एक पेपर दहा हजार वेळा वापरला गेला तरी त्याची भर पडते फक्त एकाची. सतत, मोठ्या गटात, लांबलचक काळ काम करणाऱ्याला हे माप मानवतं. एक खोल घाव घालणाऱ्याला नाही.

आणि क्षेत्र बघ. दम्याच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत, मार्गदर्शक सूचनांच्या समित्यांत ज्यांची नावं असतात त्यांची सायटेशन्स भराभर वाढतात, कारण त्या सूचना प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात उद्धृत होतात. त्यात लबाडी काही नाही, ते कामही लागतंच. पण मास्ट पेशीवरच्या (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या, कातडीत आणि श्वासनलिकेत असणाऱ्या पेशीवरच्या) एका रेणूवर दहा वर्षं एकटीनं बसलेल्या बाईशी त्या आकड्याची तुलना करू नये. पद्धत सांगणारे पेपर तर सगळ्यांच्या पुढे जातात. प्रथिन मोजण्याची पद्धत सांगणारा लाउरी यांचा १९५१चा पेपर जगात सर्वाधिक उद्धृत झालेला आहे, २०१४मध्येच त्याची सायटेशन्स तीन लाखांवर गेली होती. लाउरी हे त्या शतकातले सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञ होते असं कुणी म्हणत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचं तर मला फार वाटतं, म्हणून जरा सविस्तर. तो नियतकालिकाचा असतो, पेपरचा नाही. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. आता तुझ्या क्षेत्रातले दोन पाया घालणारे पेपर घे. एक इशिझाकांचा १९६६चा. दुसरा १९८६चा, मॉसमन, कॉफमन आणि सहकाऱ्यांचा, कॅलिफोर्नियातल्या डीएनएएक्स संस्थेतला : उंदराच्या मदतनीस टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दोन जातींच्या असतात, आज आपण ज्यांना टीएच-१ आणि टीएच-२ म्हणतो त्या. इंटरल्यूकिन-५ विरुद्धचं मेपोलिझुमॅब (२०१५), इंटरल्यूकिन-४ आणि १३चा मार्ग अडवणारं डुपिलुमॅब (दम्यासाठी २०१८), ही औषधं त्या दुसऱ्या जातीच्या पेशींच्या रसायनांवरच घाव घालतात. इम्युनॉलॉजीत सर्वाधिक उद्धृत झालेल्या पेपरांत मॉसमन-कॉफमन यांच्या या पेपरची गणना होते. हे दोन्ही पेपर कुठे छापून आले? ‘नेचर’मध्ये नाही, ‘सायन्स’मध्ये नाही. दोन्ही ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त, अमेरिकन इम्युनॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या नियतकालिकात, ज्याचा आजचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहून तुझ्यासोबतची मुलं नाक मुरडतील. डिसेंबर २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा तयार केला, त्याला डोरा म्हणतात. नेमणूक, बढती, अनुदान यांसाठी नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तुझ्या विभागात तो छापून लाव, मी सांगितलं म्हणून.

गाइड निवडताना त्यांचे अलीकडचे पाच पेपर वाच. त्यांत ज्यांचं नाव पहिलं आहे ते विद्यार्थी आज कुठे आहेत ते विचार. गाइड महिन्यातून किती वेळा प्रयोगशाळेत येतात ते तिथल्या मुलांना विचार. एच-इंडेक्स नंतर बघ.

प्रश्न : लेखात ‘इशिझाका पती-पत्नी’ असं होतं, पण मला इंटरनेटवर जास्त करून किमिशिगे यांचंच नाव दिसलं. बाईंचं काम नेमकं काय होतं? की नुसतं नावाला नाव?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : नावाला नाव अजिबात नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. आयजीई सापडलं, पण ते करतं काय? ते मास्ट पेशींवर आणि बेसोफिल पेशींवर जाऊन बसतं, परागकण आला की दोन शेजारचे रेणू त्याला धरतात, एकत्र ओढले जातात आणि पेशी हिस्टामिन (शिंका, खाज, सूज आणणारं रसायन) बाहेर टाकते, हा सगळा पुढचा उलगडा मुख्यतः तेरुको इशिझाका यांच्या कामातून झाला. माकडाच्या मास्ट पेशींतून आयजीईमुळे हिस्टामिन कसं सुटतं यावरचा १९७२चा पेपर पाहा : पहिलं नाव तेरुको यांचं, किमिशिगे दुसरे. १९७३चा कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार दोघांना मिळाला. २०००चा जपान पुरस्कार मात्र किमिशिगे यांना एकट्यांना.

इथे सायटेशनच्या यंत्रणेचा एक दोष उघड दिसतो. छापील सायटेशन इंडेक्समध्ये पेपरची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली व्हायची. १९६६च्या पेपरवर तीन नावं आहेत : के. इशिझाका, टी. इशिझाका आणि हॉर्नब्रुक. निर्देशांकात मात्र ओळ एकच, ‘इशिझाका के’. तेरुकोबाईंचं नाव शोधणाऱ्याला त्यांचे दुसऱ्या-तिसऱ्या नावाचे पेपर कोणते हे आधीपासून माहीत असलं, तरच पुढची वाट सापडायची. हॉर्नब्रुक यांचं तर विचारूच नका. जगभरच्या ग्रंथालयांत तीस वर्षं लोक असंच मोजत होते, आणि त्यावरून मतं बनली ती टिकून राहिली.

संगणक आल्यावर सहलेखक दिसायला लागले, पण आडनाव एक आणि फरक फक्त आद्याक्षराचा, त्यामुळे गोंधळ राहिलाच. जपानमध्ये इशिझाका आडनावाची माणसं काही कमी नाहीत. हा त्रास आपल्याला चांगला ओळखीचा आहे. ‘पाटील एस’ किंवा ‘कुलकर्णी ए’ टाकून बघा, शेकडो माणसांचे पेपर एकत्र येतात. आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईची कारकीर्द यादीत दोन तुकड्यांत दिसते, आधीची एका नावावर, नंतरची दुसऱ्या. माझ्याकडे अशा कितीतरी जणी यायच्या, बढतीच्या अर्जासाठी आपलेच पेपर गोळा करायला. २०१२पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो, तो काढला की नाव बदललं तरी काम एका जागी राहतं. तुमच्या शाळेतून पुढे संशोधनाकडे जाणाऱ्या मुलींना हे अवश्य सांगा.

दोघंही शेवटी जपानमध्ये यामागाताला राहत होते. किमिशिगे जुलै २०१८मध्ये गेले, तेरुको जून २०१९मध्ये.

प्रश्न : एवढं असून नोबेल का नाही?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : समितीच्या मनातलं मी काय सांगणार! ॲलर्जीच्या अंगानं नोबेल मिळालंय : १९१३मध्ये शार्ल रिशे यांना ॲनाफिलॅक्सिससाठी (जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र ॲलर्जीसाठी), १९५७मध्ये डॅनियल बोव्हे यांना, अँटिहिस्टामिन औषधांच्या कामासकट. आयजीईला मिळालं नाही. नोबेल एका विषयात तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत, आणि इथे डेन्व्हरचे दोघं आणि उप्सालाचे दोघं मिळून आधीच चार होतात. यामुळेच राहिलं असं मी म्हणत नाही. पण मला ते राहायला नको होतं.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. बढतीला पेपर लागतात. एका एजन्सीचा फोन आला : ‘दम्यावर तयार पेपर आहे, पैसे भरा, दोन आठवड्यांत तुमचं नाव पहिलं घालून छापून देतो, सायटेशन्सही मिळवून देऊ.’ ओपीडीत रोज एवढी गर्दी असते की संशोधनाला वेळच मिळत नाही. काय करावं?

उत्तर : डॉक्टर, फोन ठेवून द्या आणि तो नंबर ब्लॉक करा. तुमची अडचण मला पटते, रोज एवढे रुग्ण तपासणाऱ्या माणसाकडून वर्षाला पेपर मागणं हा नियमच मला फार शहाणपणाचा वाटत नाही. पण विकत घेतलेला पेपर तुमच्या नावावर कायमचा राहतो, आणि आज ना उद्या मागे घेतला गेला तर तो शेराही कायमचा राहतो. त्याहून वाईट म्हणजे त्यात दम्याच्या रुग्णांचे खोटे आकडे असतील. ते कुणीतरी खरे धरून पुढच्या आढाव्यात घेईल, आणि तिथून ते औषधाच्या डोसापर्यंत पोचू शकतात.

‘सायटेशन्स मिळवून देऊ’ याचा अर्थ असा, की ते लोक आपल्याच इतर बनावट पेपरांच्या यादीत तुमचा पेपर कोंबतात. अशी यादी उघडून पाहिली की दोन मिनिटांत कळतं. दम्याच्या पेपरचा संदर्भ सिमेंटच्या मजबुतीवरच्या पेपरात कशाला येईल?

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची यादी करायला सुरुवात केली ती डेन्व्हरमधल्याच एका ग्रंथपालानं, जेफ्री बील यांनी. २०१७च्या जानेवारीत ती बंद झाली. आपल्याकडे यूजीसीची ‘केअर’ यादी २०१९पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायची, २०२५मध्ये आयोगानं तीही बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे तपासायचं आता तुम्हालाच. नियतकालिक मेडलाइन या निवडक वैद्यकीय नियतकालिकांच्या सूचीत आहे का ते पाहा. पबमेड या मोफत शोधयंत्रात पेपर सापडला एवढं पुरत नाही, कारण पबमेडमध्ये मेडलाइनबाहेरचंही बरंच येतं. संपादक मंडळावरच्या एखाद्या भारतीय प्राध्यापकांना साधी ई-मेल करून ‘तुम्ही खरंच तिथे आहात का’ विचारा. आपलं नाव तिथे लावलंय हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

आणि ओपीडी ही तुमची कमजोरी समजू नका. तुमच्याकडे येणाऱ्या दमेकऱ्यांपैकी किती जण पंप बरोबर ओढतात? किती जण ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो बंद करतात आणि गोळीवर राहतात? चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बायका त्यांत किती? एक छापील तक्ता करा, इंटर्न मुलांकडून तो रोज भरून घ्या, नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. हा पेपर लहान असेल पण तुमचा असेल. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बिडी-सिगरेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजारावर) लिहिलं आणि ते जगभर उद्धृत झालं. चुलीच्या धुराचा प्रश्न आपल्या घराघरांत होता, त्याला गंभीरपणे घेणारं कुणीतरी लागतं.

प्रश्न : मी विज्ञानाची पदवीधर नाही, पण मूळ पेपर वाचायची फार हौस आहे. दमा-ॲलर्जीतला असा एखादा सांगा, जो मला झेपेल आणि फुकट मिळेल.
— गृहिणी, ठाणे

उत्तर : डेव्हिड स्ट्रॅचन यांचा. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’, नोव्हेंबर १९८९. जेमतेम दोन पानं. १९५८ साली मार्चच्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती त्यात आहे. ज्या घरांत मुलं जास्त, आणि विशेषतः ज्याला मोठी भावंडं जास्त, त्याला परागज्वर कमी, असं त्यांना दिसलं. लहानपणी मोठ्या भावंडांकडून होणाऱ्या संसर्गांमुळे असं होत असेल का, असा प्रश्न त्यांनी सावधपणे विचारला, ठासून सांगितलं नाही. त्यातून पुढे ‘हायजिन हायपॉथिसिस’ (फार स्वच्छतेत वाढल्यानं ॲलर्जी वाढते, ही कल्पना) उभी राहिली. त्या दोन पानांना हजारो सायटेशन्स मिळाली, आणि त्यांतली बरीच त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांची आहेत : हे नाव ऐकून लोक हात धुणं सोडतील, खरी गोष्ट घाणीची नसून आपल्याबरोबर पूर्वापार राहत आलेल्या जंतूंची आहे, वगैरे. मोजताना तीही प्रत्येकी एकच धरली जातात.

पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर उघडतो, पैसे लागत नाहीत. तक्ता सावकाश वाचा, मोठी भावंडं किती आणि लहान किती हे त्यात वेगळं दिलंय, तिथेच सगळी गंमत आहे. मग तुमच्या माहेरच्या आणि सासरच्या माणसांत कुणाला शिंकांचा त्रास आहे आणि कुणाला नाही ते आठवून बघा, आणि दोन-चार घरांवरून निष्कर्ष काढता येत नाही तर १७,४१४ का लागले, यावर मला पत्र लिहा. पुढच्या अंकासाठी २० तारखेपर्यंत आलेली पत्रं घेईन.